चौथे दान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका विशेष शाळेच्या मुख्याध्यापिकेने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)





संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपणा सर्वांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करते. पन्नास वर्षे एखादे सेवाकार्य अखंड चालू ठेवणे म्हणजे काय, हे पावतीपुस्तक घेऊन उन्हातान्हात फिरलेल्या कार्यकर्त्यालाच ठाऊक असते. आमची शाळाही अशाच पावतीपुस्तकांवर उभी राहिली. त्यामुळे हे अभिनंदन मी केवळ उपचार म्हणून करीत नाही.

‘विशेष शाळेतील समूहजीवन आणि मुलांची सर्जनशीलता’ हा विषय संयोजकांनी मला दिला. तो ऐकून परिचयातल्या एका गृहस्थांनी विचारले, ‘बाई, ज्या मुलांना शर्टाची बटणे लावता येत नाहीत, त्यांच्या सर्जनशीलतेवर तुम्ही तासभर काय बोलणार?’ प्रश्नात कुत्सितपणा नव्हता; त्यांना तो खरोखरच पडला होता. त्यांना तेव्हा मी नीट उत्तर देऊ शकले नाही. ते आज आपल्यासमोर देण्याचा प्रयत्न करते.

आपल्या परंपरेची मी अभ्यासक नाही. परंतु आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने माझ्या आजोळी शेजारी राहणाऱ्या एका श्राविका आजींच्या तोंडून लहानपणीच ऐकली होती. अभयदान म्हणजे जीवाला न मारणे, एवढाच अर्थ त्या वयात मला समजला. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांमध्ये सत्तावीस वर्षे काढल्यावर त्याचा आणखी एक अर्थ उमगू लागला. पहिली तीन दाने आमच्या मुलांना समाजाकडून थोडीफार मिळतात. चौथे फार क्वचित मिळते. आणि सर्जनशीलता तर नेमकी त्या चौथ्या दानावरच अवलंबून असते.

ही मुले आणि त्यांचे आईवडील कशाला भितात? लोक हसतील याला भितात. चुकले तर ओरडा बसेल याला भितात. आईला तर आणखी एक भय असते, ते म्हणजे ‘माझ्याच हातून काहीतरी पाप घडले असेल’ हे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, हे फ्रान्समधील जेरोम लेजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले. त्यात आईच्या वागण्याचा, आहाराचा वा ग्रहणात चिरलेल्या भाजीचा काहीही संबंध नसतो. तरीही आजसुद्धा एखादी माता प्रवेशाच्या दिवशी माझ्यासमोर मान खाली घालून बसते, आणि मुलाचे नाव सांगण्यापूर्वी स्वतःची बाजू मांडू लागते.

आपल्याकडील विशेष शाळांचा आरंभ अनेकदा अशाच घरांतून झाला. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या कन्येसाठी जी शाळा सुरू केली, ती आज जय वकील या नावाने सर्वांना परिचित आहे. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली. अशा शाळांनी या मुलांना अक्षरओळखीच्याही आधी एक गोष्ट दिली, ती म्हणजे सवंगडी. घरात हे मूल एकटे ‘तसे’ असते. शाळेत मात्र ते चारचौघांसारखे होते. त्याचे कोणाशी तरी भांडण होते, कोणाशी तरी गट्टी जमते, डब्यातली चटणी कोणीतरी पळवते. समूहजीवन म्हणतात ते याहून वेगळे काही नाही.

आमच्या शाळेचा दिवस घंटेने सुरू होतो. ती घंटा देण्याचा मान आठवड्याला एकेका विद्यार्थ्याचा असतो. परिपाठात हजेरी शिक्षक घेत नाहीत. एक विद्यार्थी फळ्यावर प्रत्येकाच्या छायाचित्राचे कार्ड लावतो आणि जो आला नसेल त्याचे कार्ड टेबलावर राहते. मग सर्वांच्या नजरा त्या कार्डाकडे जातात. ‘तो का नाही आला?’ हा प्रश्न ज्यांना शब्दांत विचारता येत नाही, तीही मुले बोट दाखवून विचारतात. आपली वाट पाहणारे कोणीतरी आहे, या जाणिवेतून अभयाची पहिली पायरी घडते. दुपारी मोठी मुले लहानांना वाढतात. वरण थोडे सांडते, ते सांडणाराच पुसतो, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढीत नाही.

आता सर्जनशीलतेकडे वळते. दिवाळीच्या आधी दोन-अडीच महिने आमच्याकडे पणत्यांचे काम सुरू होते. पणती पाण्यात भिजवणे, वाळवणे, पायारंग देणे, तो सुकू देणे, मग नक्षी काढणे, असे कामाचे लहान लहान तुकडे आम्ही पाडतो. ज्या मुलाला सारे टप्पे झेपत नाहीत, त्याला आम्ही पुष्कळदा शेवटचा टप्पा आधी शिकवतो. बाकीची पणती शिक्षक त्याच्यासमोर तयार करतात आणि शेवटचा ठिपका त्याने द्यायचा. तो जमला की शेवटचे दोन टप्पे, मग तीन, असे मागे मागे जायचे. या रीतीत रोजचे काम त्याच्याच हातून पूर्ण होते. आयुष्यात ज्याच्या वाट्याला केवळ अर्धवट राहणेच आले, त्याला ‘मी पुरे केले’ हा आनंद पहिल्या दिवसापासून मिळतो.

येथे मला माझ्या एका अपराधाची कबुली द्यायची आहे. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला आठ पाकळ्यांची नक्षी काढायला दिली होती. तिने प्रत्येक पणतीच्या मधोमध फक्त एक पिवळा ठिपका दिला आणि पणत्या बाजूला ठेवल्या. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते, पाहुणे येणार होते. मी रात्री बसून चाळीस पणत्यांवर पाकळ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी नक्षीची वाहवा केली. ती मुलगी टेबलापाशी आली, तिने पणत्या पाहिल्या आणि शांतपणे एकेक पणती पालथी घालू लागली. तिला बोलता येत नव्हते. बोलण्याची गरजही नव्हती. पुढे कित्येक आठवडे तिने कुंचला हातात धरला नाही.

तिचे काम मी सुधारले नव्हते, खोडले होते. ‘तुझे चालणार नाही’ असे तिला न बोलता सांगितले होते. त्या प्रसंगानंतर आम्ही शाळेत एक नियम केला, तो आजही पाळतो: विद्यार्थ्याच्या कामाला त्याच्या माघारी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी एका ठिपक्याच्या पणत्या तशाच मांडल्या. काही विकल्या गेल्या, काही उरल्या. पण विकल्या गेलेली प्रत्येक पणती तिची होती, आणि हे तिला कळत होते.

अमेरिकेतील जुडिथ स्कॉट यांची हकीकत अनेकांना ठाऊक नसेल. १९४३ मध्ये ओहायो राज्यात जन्मलेल्या या जुळ्या बहिणींपैकी जुडिथला डाउन सिंड्रोम होता. तिला ऐकूही येत नव्हते, पण ते कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातच आले नाही. तिच्या गप्प राहण्याला मंदपणा समजले गेले. सातव्या वर्षी तिची रवानगी संस्थेत झाली आणि तेथे तिची सुमारे पस्तीस वर्षे गेली. अखेर जुळ्या बहिणीने, जॉइसने, तिला आपल्याजवळ कॅलिफोर्नियात आणले आणि १९८७ मध्ये ओकलंड येथील ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या दिव्यांग प्रौढांच्या कलाकेंद्रात दाखल केले. तेथेही जवळजवळ दोन वर्षे तिने विशेष काही केले नाही. मात्र तिला कोणी घरी पाठवले नाही. मग एके दिवशी सूत आणि कापड तिच्या हाती लागले. मिळेल त्या वस्तूभोवती ती रंगीत धागे गुंडाळू लागली आणि त्यातून माणसाएवढाल्या आकृती उभ्या राहिल्या. २००५ मध्ये निधन होईपर्यंत तिचे हे काम चालू होते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने तिच्या कलाकृतींचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

आमच्या प्रत्येक मुलात जुडिथ स्कॉट दडली आहे, असे मी म्हणणार नाही. ते खरे ठरणार नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या दोन वर्षांकडे. कोणतेही फळ दिसत नसताना तिच्यासाठी जागा राखून ठेवणारी माणसे तेथे होती. मला अभिप्रेत असलेले अभयदान ते हेच.

बुद्ध्यंकाचा दाखला आमच्या प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये असतो. शासकीय कामासाठी तो आवश्यकही आहे. परंतु अनेकांतदृष्टी ज्या समाजाने जगाला दिली, त्या समाजाला मी वेगळे काय सांगावे? एका आकड्यातून मुलाची एक बाजू दिसते. कोणाची पाण्याची बाटली रिकामी आहे हे न सांगता ओळखणारा मुलगा, सुरात सूर मिळवणारी मुलगी, या बाजू त्या दाखल्यावर कोठेच नोंदलेल्या नसतात.

आता थोडे आपल्याविषयी. १९९१ मध्ये ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला, तेव्हा चित्रपटगृहातून लोक डोळे पुसत बाहेर पडले होते. ते अश्रू खरेच होते. परंतु त्यांतल्या किती घरांनी नंतर आपल्या मुलाच्या वाढदिवसाला शेजारच्या ‘तशा’ मुलाला बोलावले असेल? वाढदिवसाचे भोजन घेऊन आमच्याकडे येणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांचे आमच्यावर ऋण आहे. मुले रांगेत बसतात, मिठाई घेतात, छायाचित्र निघते आणि पाहुणे जातात. नेहमी घेणाराच हात पुढे करायला शिकवलेल्या मुलाला आपल्याजवळही देण्यासारखे काही आहे, हे कधी कळावे?

म्हणून आपल्याकडे काही मागणी करते. भोजन जरूर द्या, पण आमच्याबरोबर पंक्तीला बसा, आणि वाढण्याचे काम आमच्या मुलांना करू द्या. आमच्या कापडी पिशव्या, सुताचे हार, पणत्या घ्या, पण दयेपोटी घेऊ नका. शिवण उसवली तर परत आणून दाखवा. चूक दाखवण्याइतके आम्हाला कारागीर माना. आणि आपल्याच समाजात ज्या घरी असे मूल आहे, त्या घराला पाठशाळेचे, पर्युषणातील कार्यक्रमांचे आमंत्रण देताना त्या मुलाचे नाव घेऊन आमंत्रण द्या. आलेले मूल प्रवचनात मोठ्याने हसले, तर चार माना वळू नयेत, एवढे सांभाळा. पुढच्या वेळी त्याची आई त्याला घरी ठेवून येणार नाही.

शेवटी सर्वांत मोठे भय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अठरा पूर्ण झाली की शाळेचे दार बंद होते आणि मित्र, घंटा, परिपाठ सारे एका दिवसात संपते. प्रौढांच्या कार्यशाळा फार थोड्या आहेत. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक पालक सभेत येतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. ही माहिती ज्या घरांना हवी, त्यांच्यापर्यंत कृपया पोहोचवा. पण कायदा पालक नेमून देतो, सवंगडी नेमून देत नाही. संस्थेचे सभागृह आठवड्यातील बहुतेक दुपारी रिकामे असते, असे मला कार्यवाहांनीच मघाशी सांगितले. त्यांतल्या दोन दुपारी या तरुणांच्या कार्यशाळेला मिळाल्या, तर एक्कावन्नाव्या वर्षाचा आरंभ चौथ्या दानाने झाला असे मी समजेन.

त्या गृहस्थांना माझे उत्तर एवढेच: होय, काही मुलांना बटणे लावता येत नाहीत. आमच्या शाळेत त्यांची बटणे त्यांचे मित्र लावून देतात, आणि मग सगळे मिळून पणत्या रंगवायला बसतात. एकदा येऊन पाहा.