खोली भाड्याने देण्याआधी



आज आपण एका जोडधंद्याबद्दल बोलू. नुसत्या शेतीवर भागत नाही, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून कुणी म्हैस घेतो, कुणी कोंबड्या पाळतो. आता गावोगाव आणखी एक धंदा निघाला आहे. तो म्हणजे खोल्या बांधून भाड्याने देणे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले. पुढे चाकण, रांजणगाव, वाळूज, सिन्नर अशा ठिकाणी कारखाने आले. कारखान्यांत लांबलांबून माणसे कामाला आली. माणूस आला की त्याला डोक्यावर छप्पर लागते. म्हणून आसपासच्या गावांत घरामागे, परसात, रस्त्याकडेला खोल्या उभ्या राहिल्या.

शेजाऱ्याला दरमहा भाडे मिळताना दिसते. मग मनात येते, आपणही बांधू या. त्यात वावगे काही नाही. पण विहिरीत उडी घेण्याआधी पाणी किती ते पाहावे. आम्ही ते न पाहता उडी घेतली. म्हणून हे चार शब्द.

हिशेब आधी, विटा मागून

समजा, जागा घरचीच आहे. दोन खोल्या बांधायला चार लाख रुपये लागले. एका खोलीचे भाडे अडीच हजार. दोन्हींचे मिळून महिन्याला पाच हजार. वर्षाचे झाले साठ हजार. पण हे साठ हजार आपल्या हातात पडत नाहीत.

एक भाडेकरू जातो, दुसरा यायला वेळ लागतो. वर्षात एकेक महिना प्रत्येक खोली रिकामी धरा. पाच हजार गेले. घरपट्टी, रंग, नळाची तोटी, गळके छप्पर, पाण्याची मोटर यांना सात हजार धरा. राहिले अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे घातलेले पैसे परत यायलाच आठ वर्षांहून जास्त लागतील. हा धंदा सावकाश फळणाऱ्या झाडासारखा आहे. आज लावले आणि उद्या आंबे आले, असे होत नाही.

आता समजा, हेच चार लाख सावकाराकडून आणले. शेकडा दोन रुपये महिना व्याज. महिन्याचे व्याज झाले आठ हजार. वर्षाचे शहाण्णव हजार! खोल्यांतून मिळणार अठ्ठेचाळीस हजार, आणि व्याज जाणार त्याच्या दुप्पट. मग खोल्या तर जातीलच, पण मागची जमीनही जाईल. परवान्यावाचून सावकारी करणे २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा.

निम्मे पैसे घरचे आणि निम्मे बँकेचे असतील तर गोष्ट वेगळी. दोन लाखांवर शेकडा एक रुपया महिना व्याज धरले तर वर्षाला चोवीस हजार होते. तेवढेच आणखी मुद्दल फेडायला उरतात. म्हणून सांगतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. चार खोल्यांचे पैसे नसतील तर एक बांधा. ती चालली की दुसरी बांधा.

जागा कुणाची?

बांधण्याआधी कागद पाहा. जागा भावाभावांच्या सामाईक नावावर आहे का? असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. आज गोडीत असलेले भाऊ उद्या भाडे दिसू लागले की वाटा मागतात. तो वाटा त्यांचा असतोही. शेतजमिनीवर खोल्या उठवायच्या असतील तर तहसील कचेरीत आधी विचारा. बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीत विचारा. पैसे ओतल्यावर नोटीस आली तर रडून उपयोग नाही.

आमची चूक

आमच्या घरामागे दोन खोल्या झाल्या. पहिला भाडेकरू ओळखीतून आला. "ओळखीच्या माणसाला कागद कशाला?" असे आम्ही म्हणालो. ना करार केला, ना पावती दिली. सहा महिने भाडे वेळेवर आले. मग त्याचे काम सुटले. पाच महिने भाडे थकले.

आम्हाला राग आला. एका संध्याकाळी आम्ही त्याच्या खोलीची वीज तोडली. उन्हाळ्याचे दिवस. आत तान्हे मूल. त्या बाईने रात्रभर मुलाला पदराने वारा घातला. सकाळी घरातल्या थोरल्या आईने ते पाहिले. ती आम्हाला म्हणाली, "पैसे बुडाले तर पुन्हा मिळतील. असले पाप कुठे फेडाल?"

वीज आम्ही लगेच जोडली. पण तो माणूस पोलीस ठाण्यात गेलाच होता. तिथे आम्हाला कळले, चूक आमचीच धरली जाणार. थकबाकी लिहिलेली कुठेच नव्हती. शेवटी आपसात मिटले. त्याने खोली सोडली. आम्ही पाच महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडले. पैशांपेक्षा मान खाली गेली, ते जास्त लागले.

कागद कसा करावा?

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो ठरवून दिलेल्या शहरांना आणि भागांना लागू आहे. आपले गाव त्यात येते का, हे विचारून घ्या. तो कायदा काय सांगतो?

भाड्याचा करार लेखी हवा. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरतात. खोटे असेल तर ते आपण सिद्ध करायचे. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही," असे लोक म्हणतात. या कायद्यापुढे ते चालत नाही.

भाडे घेतले की पावती द्यावी लागते. भाडे थकले तरी पाणी किंवा वीज तोडता येत नाही. आपले गाव या कायद्यात नसले तरी या गोष्टी पाळाव्या. त्यात दोघांचेही भले आहे.

करारात इतके तरी लिहा : भाडे किती, कोणत्या तारखेला द्यायचे, अनामत किती, ती परत कधी मिळणार, विजेचे बिल कुणी भरायचे, मुदत किती, खोली सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगायचे. प्रत्येक खोलीला वेगळा पोटमीटर बसवा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात. पुष्कळ ठिकाणी भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. तीही द्या.

भाडेकरू हाही माणूसच

भाडेकरू आपला ताबेदार नव्हे. तो पैसे मोजतो, आपण जागा देतो. त्याला पाणी, उजेड, वारा आणि संडास मिळाला पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे कोंबून जास्त भाडे मिळेल, पण रोगराई आपल्याही दारात येईल. जात विचारून खोली नाकारू नका. कामधंदा काय आहे, ते विचारा. खोली नीट ठेवली तर चांगला भाडेकरू वर्षानुवर्षे राहतो. रिकामी खोली भाडे देत नाही.

मंडळी, आमच्या वाडवडिलांनी न वाचता कागदावर अंगठे उठवले आणि जमिनी गमावल्या. आपण आता अक्षरे शिकलो. मग करार स्वतः वाचा. न कळलेला शब्द विचारा. कळला की मगच सही करा. आणि समोरच्या भाडेकरूला वाचता येत नसेल, तर त्यालाही तो कागद मोठ्याने वाचून दाखवा.