आधी हवा, मग सेन्सर

मालेगावहून समृद्धी महामार्गाने नागपूरला निघायचं होतं. आम्ही ठरवलेल्या गाडीची दोन चाकं नुकतीच बदललेली, आणि समोर हवेचा पिवळा दिवा पेटलेला. ड्रायव्हरदादा म्हणाले, "काई नाई, सेन्सरचं असन." आम्ही म्हटलं, "दादा, आधी हवा मोजा." एका चाकात खरंच कमी निघाली!

बहुतेक गाड्यांत दिवा सलग पेटला तर हवा कमी. सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग पेटून राहिला तर सेन्सरचा दोष. सेन्सर चाकाच्या आत असतो. नव्या चाकात तो नसेल, किंवा गाडीला त्याची ओळख करून दिली नसेल, तर असं होतं. ते काम गॅरेजवाल्याचं.

हवा टायर थंड असताना मोजावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. म्हणून विचारायला लाजू नका.