आवाज कुणाचा? पायाचा!

(मंडळाच्या डार्मश्टाट इथल्या छंदविषयक गप्पांच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. मध्ये मध्ये गिटार वाजवून दाखवली होती, ती अंकात छापता येत नाही. तेवढी वाचकांनी मनातल्या मनात ऐकावी.)



आजचा विषय 'व्हॉल्यूम पेडल' आहे हे पत्रकात वाचून दोघांनी मला फोन करून विचारलं, की हे सायकलचं की शिवणयंत्राचं? दोन्हीचं नाही, पण शिवणयंत्राच्या जास्त जवळचं. पायाखाली ठेवायची एक धातूची पाटी. टाच दाबली की गिटारचा आवाज कमी, पंजा दाबला की जास्त. बस्स, इतकंच. आता एवढ्याशा गोष्टीवर हा माणूस अर्धा तास काय बोलणार, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर मला इथून दिसतोय.

मी शिक्षणानं कॉम्प्युटर इंजिनियर आणि पोटापाण्यासाठी आय.टी. कन्सल्टंट. आठवड्याचे पाच दिवस लोकांच्या सिस्टिम्स का चालत नाहीत हे त्यांना सांगतो, आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. पण आजचा विषय मी गिटारसाठी निवडलेला नाही, मंडळासाठी निवडलाय.

गणपती झाले की आपली दिवाळीच्या कार्यक्रमाची पहिली मीटिंग होते, आणि त्यात एक वाक्य हमखास येतं: "यंदा इलेक्ट्रिक गिटार नको." असं म्हणणारे काका-काकू काही संगीताचे शत्रू नाहीत. त्यांचं म्हणणं अगदी साधं आहे. वर्षातून एकदा आम्ही स्टेजवर भावगीत म्हणणार आणि शब्दच ऐकू जाणार नसतील तर काय उपयोग? दुसऱ्या बाजूला आपली इथे वाढलेली मुलं. पेटी शिकणारं त्यांच्यात क्वचित कुणी, पण म्युझिकशूलेत गिटार शिकणारी चांगली चार-पाच आहेत. गिटार नको म्हटलं की ती मुलं कार्यक्रमाला येतात खरी, पण मागच्या रांगेत मोबाईल घेऊन बसतात. वरवर पाहिलं तर हा आवाजाचा प्रश्न आहे. खरा प्रश्न असा, की आणखी दहा वर्षांनी या स्टेजवर कोण असणार?

तर आता पायाकडे वळू.

पायानं आवाज सांभाळणं ही काही रॉक संगीतवाल्यांची शोधाशोध नव्हे. लंडनच्या एका चर्चमध्ये अब्राहम जॉर्डन यांनी १७१२ साली ऑर्गनच्या काही नळ्या एका पेटाऱ्यात बसवल्या आणि पेटाऱ्याला उघडझाप करणारी झडप लावली. झडप उघडली की आवाज फुगतो, मिटली की दबतो. ही झडप पायाच्या पेडलनं चालवतात. आजही जर्मन ऑर्गनवाले या पेडलला 'श्वेलर' म्हणतात, म्हणजे फुगवणारा. १९३५ साली हॅमंड ऑर्गन निघाला, तो विजेवर चालणारा, पण त्यालाही हे पेडल होतंच.

आणि आपल्याकडे? संगीत नाटकांचा ऑर्गन आठवा. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, त्या काळात थिएटरात माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं ते नटाच्या गळ्यानं, आणि त्याला आधार द्यायचा ऑर्गननं. पायानं भाता चालवायचा आणि हातानं वाजवायचं. अमेरिकन धाटणीच्या पायऑर्गनला तर गुडघ्यानं बाजूला ढकलायची एक पट्टीही असते. ती ढकलली की आतली झडप उघडते आणि आवाज मोठा होतो. म्हणजे दोन्ही हात सुरांत गुंतलेले असताना आवाजाचा कमी-जास्तपणा पायाकडे सोपवायचा, ही युक्ती आपल्या नाट्यसंगीताला परकी नाही. माझं पेडल हे त्या गुडघापट्टीचं नातवंड आहे असं समजा. म्हणजे मग काकूंना ते घरचं वाटेल.

आता आत काय असतं ते पाहू. हे बोलताना मला जरा धाकधूक वाटते, कारण विद्युत अभियांत्रिकीचं जगातलं पहिलं अध्यासन याच गावातल्या तांत्रिक विद्यापीठात १८८२ साली एरास्मुस किटलर यांच्यासाठी निर्माण झालं. तेव्हा कुणी जाणकार समोर असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

साध्या, म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या पेडलमध्ये एक पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब आठवा, तोच हा. फक्त बोटांऐवजी पाटी तो फिरवते, कुठे दोरीनं तर कुठे दातेरी पट्टीनं. दोरीवाल्या पेडलची दोरी झिजून कधीतरी तुटते, आणि ती कार्यक्रमाच्या दिवशीच तुटते असा अलिखित नियम आहे. म्हणून कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात खालचं झाकण उघडून बघावं.

विकत घेताना एकच आकडा बघायचा. गिटार थेट पेडलमध्ये जाणार असेल तर पोटेन्शिओमीटर २५० किंवा ५०० किलोओहमचा हवा. कीबोर्डसाठी, किंवा मधे बफर असलेलं दुसरं उपकरण असेल तर, साधारण २५ किलोओहमचा चालतो. गिटारचा पिकअप म्हणजे तारेची बारीक गुंडाळी, त्याचा जीव लहान. त्याच्यापुढे २५ किलोओहमचं पेडल ठेवलं तर आवाजातली धार, चमक सगळी गळून जाते आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. दुकानात दोन्ही पेडलं बाहेरून सारखीच दिसतात, त्यामुळे मुलांना घेऊन देताना एवढं जरूर विचारा.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न. "छोटा ॲम्प घेतला तर आवाज आपोआप कमी नाही का होणार?" नाही होणार. १०० वॅटचा ॲम्प काढून ५० वॅटचा आणला तर आवाज फक्त ३ डेसिबलनं उतरतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे शक्ती दहावा हिस्सा करावी लागते. आपला कान असा हिशोबी आहे. म्हणूनच पेडल निम्मं दाबलं की आवाज निम्मा वाटावा अशा बेतानं आतला पोटेन्शिओमीटर निवडतात. तरीही प्रत्येक पेडलचा स्वभाव निराळा. कुठलं सुरुवातीलाच उसळतं, कुठलं शेवटच्या इंचात. घरी डोळे मिटून सराव करायचा आणि कुठे किती आहे हे पायाला पाठ करायचं.

पुढचा प्रश्न जागेचा, आणि इथेच निम्मी भांडणं आहेत. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ॲम्पपर्यंत एका ओळीत जातो: गिटार, मग ओव्हरड्राइव्ह म्हणजे आवाज खरखरीत करणारं उपकरण, मग डिले म्हणजे प्रतिध्वनी, मग ॲम्प. या माळेत पेडल कुठे ओवायचं?

ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवलं तर टाच दाबल्यावर आवाजाबरोबर खरखरही कमी होते, कारण त्या उपकरणाला मिळणारा खुराकच कमी झालेला असतो. गिटारवरचा नॉब फिरवल्यासारखंच हे. ओव्हरड्राइव्हच्या नंतर पण डिलेच्या आधी ठेवलं तर खरखरीचा रंग तोच राहतो, फक्त आवाज उतरतो, आणि आधी वाजलेल्या सुरांचे प्रतिध्वनी आपले आपण विरत जातात. सगळ्यात शेवटी ठेवलं तर प्रतिध्वनीसकट सगळंच मिटतं, नळ बंद केल्यासारखं. भावगीताच्या साथीसाठी मी मधली जागा सुचवतो. आणखी एक फायदा सांगतो. स्वस्त पिकअपमध्ये विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण असते, आणि ओव्हरड्राइव्ह ती गुणगुण चांगली वाढवून दाखवतं. निवेदक बोलत असताना टाच दाबली की तीही बंद. निवेदिकाबाईंचा निम्मा राग तिथेच शांत होतो.

आता प्रत्यक्ष स्टेजवर. साउंड चेकला बहुतेक मुलं पेडल मध्यावर ठेवून आवाज लावतात आणि म्हणतात, सोलोला थोडं वर जाईन. मिक्सरवाल्याला हे 'थोडं' किती ते कळत नाही. मग गिटार उसळली की तो तिकडे फेडर खाली ओढतो, आवाज कमी वाटला म्हणून गिटारवाला आणखी दाबतो, आणि दोघांच्या रस्सीखेचीत गाणारी काकू मधल्या मधे चेंगरते. याला सोपा उपाय आहे. साउंड चेक पंजा पूर्ण दाबून करायचा. गाणाऱ्या व्यक्तीला बरोबर गायला लावायचं, आणि तिच्या शब्दाला धक्का न लावता गिटार जितकी मोठी चालेल तितकीच ठेवायची. ती झाली कमाल मर्यादा. त्याच्या वर जायला पेडलमध्ये जागाच उरत नाही. संपूर्ण कार्यक्रमात पाय फक्त तिथून खालीच येणार.

बऱ्याच पेडलांना किमान आवाजाचीही सोय असते. टाच दाबली तरी आवाज शून्य न होता ठरवलेल्या पातळीवर थांबतो. म्हणजे टाचेवर साथ आणि पंजावर मुखड्याआधीचा म्युझिक पीस, अशा दोन पक्क्या जागा मिळतात. नवख्या मुलांना हे फार उपयोगी पडतं.

आणखी एक करामत आहे. गिटारचा सूर छेडला की आधी 'टण्' असा ठोका येतो आणि मग सूर उतरत जातो. टाच दाबून तार छेडायची आणि मग हळूच पंजा दाबायचा. ठोका ऐकूच येत नाही, सूर व्हायोलिनसारखा उमलतो. स्टील गिटार वाजवणारे उलटा उपयोग करतात. सूर विझायला लागला की पेडल हळूहळू वाढवत त्याला जिवंत ठेवतात. जेफ बेक यांनी १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो' या अल्बममध्ये असे उमलणारे सूर गिटारवरच्या नॉबनं काढले. बिल फ्रिझेल यांच्या म्युनिकच्या ई.सी.एम. कंपनीनं काढलेल्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्समध्ये पेडलचं काम ऐकण्यासारखं आहे. मुलांना आवड असेल तर त्यांना बेसुंगेन भागातल्या आपल्या जाझइन्स्टिट्यूटमध्ये घेऊन जा. तिथल्या तळघरात मैफली होतात. मोठे वादक किती हळू वाजवतात हे समोर बसून ऐकलं की माझ्यासारख्याच्या दहा भाषणांचं काम होतं.

दोन गोष्टी खास आपल्या स्टेजच्या. आपण चपला-बूट काढून स्टेजवर चढतो, कारण समोर समई असते. बुटात सराव केलेला पाय मोज्यात पेडलवर घसरतो. तेव्हा घरी अनवाणीच सराव करावा. आणि वायर समईपासून आणि रांगोळीपासून लांब न्यावी. रांगोळी काढणाऱ्यांचा राग कुठल्याही पेडलनं कमी होत नाही!

नियमांचंही बोलतो. इथल्या डी.आय.एन. मानकात प्रेक्षकांच्या कानांसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीला ९९ डेसिबलची मर्यादा आहे. भावगीताच्या कार्यक्रमात आपण तिच्या जवळपासही जात नाही. पण रात्री दहानंतर शेजारपाजारची शांतता सुरू होते आणि हॉलचे हाउसमायस्टर दारात येऊन उभे राहतात. शेवटची दोन गाणी तेव्हा हळू आवाजात करावी लागतात. ॲम्पचा नॉब खाली घेतला तर कित्येकदा आवाजाचा पोत बदलतो. माळेत नंतर ठेवलेलं पेडल खाली घेतलं तर पोत बराचसा तसाच राहतो.

मागच्या दिवाळीच्या आधी तीन शनिवार मी आपल्यातल्या एका नववीतल्या मुलीबरोबर बसलो. गाणाऱ्या काकू सत्तरीच्या. पहिल्या शनिवारी फक्त एकच अभ्यास: काकू श्वास घेतात कधी ते ऐकायचं, आणि त्या श्वासाबरोबर टाच खाली. मुलीला मराठी शब्द सगळे कळत नव्हते. दुसऱ्या शनिवारी तिनं आपणहून विचारलं, "या ओळीचा अर्थ काय? इथे काकू हळू का होतात?" काकूंनी अर्थ सांगितला, आधी मराठीत आणि मग त्यांच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. तिसऱ्या शनिवारी मला काही सांगावंच लागलं नाही. कार्यक्रमात सगळे शब्द ऐकू आले, आणि गिटारही ऐकू आली.

याचं सगळं श्रेय पेडलला देऊ नका. चांगला वादक पेडलशिवायही बोटानं हळू वाजवतो. पण पेडलमुळे एक गोष्ट होते. दुसऱ्याचं गाणं ऐकणं हे त्या मुलाच्या पायाचं रोजचं काम होऊन बसतं. आपल्याकडे साथ करणं म्हणतात ते हेच. पेटीवाला गायकाच्या मागे अर्धं पाऊल राहतो, आणि गायक थांबला की ती जागा भरतो. हे ज्याला जमलं त्याच्या हातात पेटी आहे की गिटार, यानं काय फरक पडतो?

म्हणून माझी कार्यकारिणीला एक सूचना आहे. 'गिटार नको' या ठरावाऐवजी तीन साध्या गोष्टी ठरवूया. गिटार वाजवणाऱ्यानं व्हॉल्यूम पेडल वापरायचं. नसेल तर मंडळानं एक घेऊन ठेवावं, मुलं आलटून पालटून वापरतील. साउंड चेक गाणाऱ्याबरोबरच होईल, आणि आवाजाची कमाल मर्यादा गाणारी व्यक्ती ठरवेल. आणि प्रत्येक मुलानं ज्यांना साथ करायची त्यांच्या घरी किमान तीनदा जायचं. चहा-फराळाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा.

आपले कान शाबूत राहोत, आणि मागच्या रांगेतली मुलं पुढे येवोत. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.