निंदा आणि विचारणा

(जीर्णोद्धार-सोहळ्यातील प्रवचन)



देवाच्या कृपेने गाभारा पूर्ण झाला, शिखरावर कळस चढला. दगडांचे मंदिर उभे राहिले. परंतु भाविकांची मने दुभंगली, तर या कळसाला शोभा ती कोणती? जीर्णोद्धार म्हटला की वर्गणी आली, देणगीदारांची पाटी आली. आणि पाटीवर कोणाचे नाव वर, पहिल्या आरतीचा मान कोणाला, सिमेंटच्या गोण्या कोणी मोजल्या, अशी कुजबुजही आली. ती पारावर सुरू होते, पाणवठ्यावर वाढते आणि ज्याच्याविषयी असते त्याच्या कानी सर्वांत शेवटी जाते.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत. त्यांत अहिंसा, सत्य यांच्याच पंगतीला ‘अपैशुन’ हा गुण बसविला आहे. पैशुन म्हणजे चहाडी. जो मुंगीही चिरडत नाही, पण माघारी सोबत्याच्या अब्रूवर घाव घालतो, त्याची अहिंसा अपुरीच म्हणावी लागेल.

तुकोबारायांना निंदा काही कमी सोसावी लागली नाही. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी त्यांच्या अभंगांना विरोध केला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, अशी कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे. परंतु तुकोबांनी उलट निंदा केली नाही. ते देवाच्या दारी बसून राहिले. पुढे तेच रामेश्वरभट त्यांचे शिष्य झाले. गावोगावी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांचीच. तिच्या शेवटी त्यांचे नाव येते. निंदकालाही परतीची वाट मोकळी ठेवावी, ती अशी.

मग दोष दिसला तरी गप्पच बसावे काय? मुळीच नाही. निंदा वेगळी, विचारणा वेगळी. निंदा माघारी होते, विचारणा समोर होते. निंदेला माणूस पाडायचा असतो, विचारणेला काम सुधारायचे असते. देवस्थानचा हिशेब ठेवणे व तो तपासून घेणे हे विश्वस्तांवर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानेच बंधनकारक आहे. तेव्हा हिशेब मागणारा भाविक निंदक नव्हे, आणि तो मागितल्यावर रागावणारा विश्वस्त शहाणा नव्हे.

ख्रिस्ती बांधवांच्या मत्तयकृत शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, याचा क्रमच घालून दिला आहे. भाऊ चुकला तर प्रथम त्याला एकांतात सांगावे; न ऐकल्यास एक-दोघांना सोबत न्यावे; तरीही न ऐकल्यास मगच मंडळीपुढे मांडावे. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. आधी चावडीवर बोभाटा, आणि त्या माणसाशी बोलणे कधीच नाही! ख्रिस्ती झाल्यावरही अभंग-कीर्तनाची वाट न सोडणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) याच मराठी मातीतले. चांगली शिकवण कोणत्या दारातून आली हे पाहत बसू नये.

तेव्हा या नव्या सभामंडपात तीन गोष्टींचा नेम धरावा. जे तोंडावर बोलवत नाही ते पाठीमागे बोलू नये. कोणी चहाडी आणली तर, “चल, त्यालाच विचारू,” एवढेच म्हणावे. निम्म्या कुजबुजी तेथेच मरतील. आणि कारभाऱ्यांनी वर्षाचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचून दाखवावा, म्हणजे उरलेल्या निम्म्यांना जागा राहणार नाही.

कळसाला सोन्याचा मुलामा मागाहूनही देता येईल. तुटलेले मन सांधणारा गवंडी मात्र कोठे मिळत नाही.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल!