ढीग म्हणजे ग्रंथालय नव्हे
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज पुस्तकांचा दुष्काळ उरलेला नाही. खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये हजारो पुस्तकं सहज मावतात. जो तो डाऊनलोड करतोय, एकमेकांना वाटतोय. ठीक आहे. पण उद्या एखादी पोरगी आली आणि म्हणाली, 'चलनाच्या प्रश्नावर काही आहे का?', तर तुमच्यातले कितीजण पाच मिनिटांत पुस्तक काढून देतील? ढीग उपसत बसाल. जे सापडत नाही ते पुस्तक तुमचं नव्हे, त्या डबड्याचं.

मग आपण काय करतो? फोल्डर करतो. एक बाबासाहेबांचा, एक कवितेचा, एक 'इतर'चा. आणि 'इतर' सगळ्यात फुगलेला! फोल्डर म्हणजे जुन्या कपाटातला खण. पुस्तक एकाच खणात राहणार. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ सालचा. महाराष्ट्र शासन १९७९ पासून जे खंड काढतंय, त्यातल्या सहाव्या खंडात तो आहे. आपल्या फोल्डरात फाइलीचं नाव नुसतं 'खंड ६'. अर्थशास्त्र शोधणाऱ्याला तो जन्मात दिसणार नाही. लेखकाचं नाव बघून आपणच शिक्का मारला आणि विषय गाडून टाकला.

हा शिक्क्यांचा धंदा जुना आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन माणसानं १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण काढलं आणि ते जगभर पसरलं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून डोरोथी पोर्टर ही काळ्या समाजातली ग्रंथपाल काळ्या लोकांच्या पुस्तकांचा संग्रह उभा करत होती. इतर ग्रंथालयांत तिला काय दिसलं? काळ्या माणसाचं पुस्तक आलं की आकडे दोनच. ३२५, म्हणजे वसाहत. ३२६, म्हणजे गुलामगिरी. कवितासंग्रह असला तरी तिथंच! कवी काळा ना, मग कविता कसली? ढकल ३२५ मध्ये. पोर्टरनं हे झुगारलं. कविता कवितेत बसवली, इतिहास इतिहासात.

तिच्याकडे संगणक नव्हता. तुमच्याकडे कॅलिबर आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं फुकट सॉफ्टवेअर. त्यात 'व्हर्च्युअल लायब्ररी' नावाची सोय आहे. सगळी पुस्तकं एकाच संग्रहात ठेवायची. प्रत्येकाला नाव, लेखक, साल, भाषा आणि विषयाचे टॅग लावायचे. टॅग हवे तेवढे. दया पवारांच्या 'बलुतं'ला आत्मकथन लावा, मुंबई लावा, गाव लावा, दलित साहित्यही लावा. 'खंड ६'ला चलन लावा, अर्थशास्त्र लावा.

मग शोधाची अट लिहायची. टॅग मुंबई, भाषा मराठी. ही अट नाव देऊन जतन केली की झाली तुमची व्हर्च्युअल लायब्ररी. क्लिक केलं की हजारोंतली तेवढीच पुस्तकं समोर. पुढचा शोध त्यांच्यातच चालतो, लेखकांची यादीही तेवढ्यांचीच. काम झालं, बंद करा. सगळी पुस्तकं परत हजर. पुस्तक हललं नाही, त्याची दुसरी प्रत झाली नाही. नवं पुस्तक आलं, टॅग लागला, भाषा भरली, की ते आपोआप आत. हा खण नाही, हा प्रश्न आहे. एकच पुस्तक दहा प्रश्नांना उत्तर देतं.

कुणी म्हणेल, वेगवेगळे संग्रहच करू. करता येतात. पण मग एका शोधात दोन्हीकडं बघता येत नाही, आणि तेच पुस्तक दोन्हीकडं ठेवलं की दुरुस्तीही दोनदा. कशाला पाहिजे ही झंझट?

आता अंग मोडणारं काम. कुठं 'अण्णा भाऊ साठे', कुठं 'अण्णाभाऊ साठे', कुठं 'साठे अण्णाभाऊ'. यंत्राला हे तीन माणसं वाटतात! एक रूप ठरवा आणि सगळीकडं तेच ठेवा. टॅगांची यादी वहीत लिहा. आज 'कामगार', उद्या 'मजूर', असं नको. आणि कॅलिबरचे फोल्डर बाहेरून हलवू नका, त्याला मग पुस्तक सापडत नाही.

२०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबर पुस्तकाच्या पोटातले शब्दही शोधतं. पण मराठीत मेख आहे. स्कॅन म्हणजे पानांचे फोटो, त्यात यंत्राला अक्षर दिसत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ डोळ्याला मराठी दिसते, पण आत भलतीच चिन्हं. 'गिरणी' शोधा, उत्तर शून्य. टेसरॅक्टसारखं ओसीआर मराठी वाचतं, पण ठेचकाळत वाचतं. तोवर आपल्या हातानं लावलेला टॅग हाच आधार.

तेव्हा दहा हजारांवर एकदम तुटून पडू नका. या रविवारी प्रत्येकानं पन्नास पुस्तकं घ्या. उघडा, आत काय आहे ते बघा, मग टॅग लावा. न उघडता, नुसतं लेखकाचं नाव बघून लावलेला टॅग म्हणजे तोच जुना ३२५. तो आजवर दुसऱ्यांनी मारला. आता आपल्या हातानं मारायचा नाही.