सोडून देण्याची सोय



पत्रिकेवर विषय 'मुक्त सॉफ्टवेअरचे स्वयंसेवक' असा छापला आहे. त्यातलं मला मनापासून सांगायचं आहे ते एकच, आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घाई झाली तरी राहून जाणार नाही. बिनपगारी माणसांच्या जोरावर चालणारं काम टिकवायचं असेल, तर त्या माणसांना मानाने बाहेर पडायची वाट ठेवावी लागते. माणसं जमवायची कशी यावर आपण खूप बोलतो. जमलेल्या माणसाला मोकळं कसं करायचं, यावर कुणी बोलत नाही. डेबियन ही स्वयंसेवकांनी बांधलेली लिनक्सवरची संगणक-प्रणाली; तिच्या मंडळींनी त्यावर नुसतं बोलून न थांबता नियम केले, कागदपत्रं केली, गट नेमले. म्हणून आजची संध्याकाळ डेबियनची.

लिनक्स म्हणजे काय, स्टॉलमन कोण, 1991 साली टॉरवाल्ड्सने काय केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. डेबियन सुरू झालं 16 ऑगस्ट 1993 रोजी. इयन मर्डॉक नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, मिळून डेबियन. (हशा.) हसा, पण पुढचं ऐका. मार्च 1996 मध्ये, म्हणजे तीन वर्षंही पुरती झाली नव्हती, तेव्हा मर्डॉकने सूत्रं ब्रूस पेरेन्स यांच्याकडे दिली आणि तो बाजूला झाला. संस्थापक स्वतःच्या पायाने बाहेर पडला आणि संस्था उभी राहिली. आज प्रमुखाची निवडणूक दर वर्षी होते. 2015 च्या डिसेंबरात मर्डॉक गेला, तेव्हा पुढची आवृत्ती त्याला अर्पण केली गेली. कारभार मात्र 1996 नंतर त्याच्यावर अवलंबून राहिलेला नव्हता.

आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालेतल्या पात्रांवरून ठेवतात. बझ, वुडी, जेसी, बुकवर्म, आणि ऑगस्ट 2025 मध्ये आलेली ट्रिक्सी. जी कायम कच्ची, कायम बदलती अशी शाखा आहे, तिचं नाव सिड. सिड म्हणजे शेजारचा तो पोरगा, जो खेळणी मोडतो. (मोठा हशा.) मागच्या रांगेतली मुलं जास्त हसली, म्हणजे चित्रपट पाहिलेला दिसतोय!

ट्रिक्सीत 69,830 पॅकेजं आहेत. पॅकेज म्हणजे एकेका प्रोग्रामचं नीट बांधलेलं गाठोडं. संगणकावर ते अलगद बसावं, दुसऱ्याशी भांडू नये, काढलं तर मागे कचरा राहू नये, अशा बेताने बांधलेलं. आणि अधिकृत डेव्हलपर किती? हजाराच्या आसपास, जगभर विखुरलेले. शिवाय हातभार लावणारे आणखी बरेच. यांतले बहुतेक जण नोकरी-शिक्षण सांभाळून हे करतात.

एक माणूस रात्री जेवण आटोपून बसतो तेव्हा नेमकं काय करतो ते जवळून बघू. समजा, त्याच्याकडे एक छोटंसं पॅकेज आहे. मूळ प्रोग्राम लिहिणारा कुणी वेगळाच, दुसऱ्या देशातला. त्याने नवी आवृत्ती काढली. आता आपला माणूस प्रत्येक फाइलचा परवाना तपासतो, कारण एखाद्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाची, वेगळ्या अटींची फाइल शिरलेली असू शकते. मग आपले जुने पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचे तुकडे, नव्या आवृत्तीवर बसतात का ते बघतो. बसत नाहीत. एकेक ओळ हाताने बसवतो. मग पॅकेज बांधतो आणि 'लिंटियन' नावाचं तपासणी-अवजार चालवतो. ते मास्तरांसारखं लाल शेरे मारतं. ते निस्तरून तो चेंजलॉगमध्ये काय बदललं ते लिहितो, खाली नाव, तारीख, वेळ. स्वतःच्या किल्लीने डिजिटल सही करतो आणि अपलोड करतो. मग वेगवेगळ्या जातीच्या प्रोसेसरांवर ते आपोआप बांधलं जातं आणि सकाळी कळतं की एका जातीवर फसलं. पुन्हा बसा. सिडमध्ये काही दिवस काढून मोठी तक्रार आली नाही, तर ते 'टेस्टिंग' या चाचणीच्या शाखेत सरकतं. स्थिर आवृत्तीत पोचायला पुढे कदाचित दोन वर्षं. एवढ्यात एकही नवीन सोय त्याने निर्माण केलेली नाही. जे होतं ते चालतं ठेवलं. आणि मी तुम्हाला सांगतो, जगातलं निम्मं शहाणपण या चालतं ठेवण्यात आहे.

ज्यांच्याकडे उबुंटू आहे, रास्पबेरी पाय आहे, त्यांच्याकडे डेबियनमार्फत हेच काम पोचलेलं आहे. 2013 साली अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपांसाठी डेबियन निवडलं गेलं. मराठीचंच बघा. लोहित देवनागरी हा फॉन्ट पुण्यात घडलेला. आपला 'ल' आणि आपला 'श' हिंदीच्या छापील वळणापेक्षा वेगळे, म्हणून त्याची मराठी वळणाची वेगळी आवृत्ती झाली. फॉन्ट काढणारे काढून मोकळे होतात. तो पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तुमच्या पडद्यावर नीट उमटावा म्हणून कुणीतरी पॅकेज सांभाळावं लागतं. सांभाळणाऱ्याला मराठी येत असेलच असंही नाही.

आता माझा मुद्दा. डेबियनची एक घटना आहे, 1998 सालची. तिच्यात एक कलम आहे, ते मी इथे जमलेल्या प्रत्येक संस्थेच्या चिटणिसाला पाठ करायला लावीन. त्याचा आशय असा: या प्रकल्पासाठी काम करणं कुणावरही बंधनकारक नाही. जे काम करावंसं वाटत नाही, ते करू नका. मात्र ठरलेल्या नियमांच्या विरुद्ध जाणूनबुजून काम करायचं नाही. बस्स. हे कलम घालायला धैर्य लागतं. आपल्याकडे असं लिहिलं तर उद्या कुणी येणार नाही, अशी भीती वाटते. तिकडे पंचवीसहून अधिक वर्षं माणसं येताहेत.

आणि जाताना काय करायचं, तेही ठरलेलं. पॅकेज झेपत नाही असं वाटलं, तर तुम्ही ते उघड्या यादीत टाकता. मदत हवी असेल तर एक खूण, दत्तक द्यायचं असेल तर दुसरी, आणि आता मी नाहीच म्हणायचं असेल तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर. तोवर ते सामाईक गटाच्या नावावर राहतं. दुसरा कुणी 'मी घेतो' असं त्याच यादीत लिहितो. कुणी काही न सांगता गप्प झाला, तर विचारपूस करणारा गट आहे. तो हलक्या हाताने विचारतो, बाबा रे, बरा आहेस ना, पॅकेज ठेवायचंय की सोडायचंय? निवृत्त होणाऱ्याला मानाचं वेगळं स्थान आहे. आणि ज्या पॅकेजाला कुणीच वाली उरला नाही, ते शेवटी काढलं जाऊ शकतं. ट्रिक्सी काढताना कालबाह्य झालेली 8,840 हून जास्त पॅकेजं वगळली.

आमच्या गावच्या वाचनालयात एक गृहस्थ वर्षानुवर्षं बिनपगारी ग्रंथपाल होते. दर दोन-तीन वर्षांनी म्हणायचे, आता मला सोडा. आम्ही काय करायचो? शाल, श्रीफळ, आणि 'तुमच्याशिवाय कोण?' सत्कार केला, पण मोकळं केलं नाही. ते गेल्यावर कळलं की कोणतं पुस्तक कुठे आहे, याची खरी यादी त्यांच्या डोक्यात होती. (शांतता.) माझा राग त्यांच्यावर नाही. तो आम्ही पांघरवलेल्या शालीवर आहे.

हे सगळं मी का तळमळून सांगतोय, त्यासाठी एक्सझेडची हकिकत सांगायलाच हवी. थोडक्यात सांगणार होतो, पण ती थोडक्यात सांगण्यासारखी नाही.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं अवजार. जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याचा कर्ता लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस, हौसेने, पगाराशिवाय ते सांभाळत होता. 2021 च्या अखेरीस 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी पॅच पाठवायला लागलं. चांगले, उपयोगी पॅच. 2022 च्या उन्हाळ्यात आणखी काही अनोळखी नावं उगवली, त्यांतलं एक चक्क आपल्याकडच्या वळणाचं, आणि ती कॉलिनला टोचू लागली. काम पुढे का सरकत नाही? जमत नसेल तर दुसऱ्याला का देत नाही? त्या माणसाने जाहीरपणे सांगितलं की माझं मानसिक आरोग्य बरं नाही, हे बिनपगारी हौसेचं काम आहे, हे लक्षात घ्या. टोचणी थांबली नाही. हळूहळू त्याने जिया टॅनला अधिकार दिले.

फेब्रुवारी 2024 मध्ये 5.6.0 ही आवृत्ती आली, मग 5.6.1. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींमध्ये चोरदरवाजा लपवला होता, आणि तो जागा करणारा तुकडा फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातला होता. उघड्यावर ठेवलेला कोड वाचणाऱ्याला तो दिसला नसता. दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी जग जो एसएसएच वापरतं, तो एक्सझेड वापरतच नाही. पण डेबियनसह काही वितरणांनी त्याला सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेशी जोडणारा पॅच लावला होता, आणि त्या साखळीतून एक्सझेडची लायब्ररी आत यायची. इतकी बारीक पाहणी चोरदरवाजा घालणाऱ्यांनी केली होती! डेबियनने 5.6.1 लवकर घ्यावी म्हणून आणखी एक नवीन नाव विनंती करायला पुढे आलं.

29 मार्च 2024 ला हे उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणारा अभियंता. डेबियन सिडवर मोजमापं घेताना त्याला दिसलं की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद, मंडळी! त्याने तो सोडून दिला नाही. मागे मागे जात राहिला आणि एक्सझेडपाशी पोचला. (टाळ्या.)

कुणीतरी तिकडून म्हणालं, 'म्हणजे डेबियनमध्ये शिरलंच ना ते?' शिरलं. सिडमध्ये आणि टेस्टिंगमध्ये शिरलं, हे मी लपवणार नाही. पण स्थिर आवृत्तीत शिरलं नाही, कारण तिथे नवं पॅकेज सहज जाऊ देत नाहीत. ज्या दिरंगाईला लोक नावं ठेवतात, तिनेच वाचवलं. आणि तुमच्या प्रश्नात दडलेला दुसरा प्रश्न मला ऐकू येतो: कॉलिननेही सोडूनच दिलं ना, मग तुमचा सिद्धान्त कुठे राहिला? उलट तिथेच तो पक्का होतो. कॉलिनला सोडायला चारचौघांतली वाट नव्हती. तो एकटा, समोर एक नाव, आणि मागून ढकलणारे. डेबियनमध्ये डेव्हलपर व्हायचं तर आधीच्या सदस्यांनी तुम्हाला ओळखून तुमच्या किल्लीवर सही केलेली लागते, परवान्यांवर आणि कार्यपद्धतीवर तुमची कसून परीक्षा होते, महिनोन्महिने काम दाखवावं लागतं. साक्षीदारांसमोर दिलेलं आणि थकून एकांतात दिलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थकलेल्या माणसाला आपण एकटं ठेवलं, म्हणून चोराला दार सापडलं.

नीट तपासणारं दुसरं कुणी नसलं की प्रामाणिक माणसाचंही काय होतं, ते डेबियनने स्वतः भोगलं आहे. 2006 साली ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीच्या पॅकेजात तपासणी-अवजाराची कुरकुर थांबवायला कोडमधला छोटासा भाग बंद केला गेला. 2008 च्या मेमध्ये लक्षात आलं की त्यामुळे विशिष्ट प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या फक्त 32,768 तऱ्हांच्याच बनत होत्या. जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. दुसरं कुणी शेजारी बसलेलं असतं, तर! आज पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची हजारो पॅकेजं एक गट मिळून सांभाळतो. त्यातला एक जण वर्षभर दिसला नाही तरी काही अडत नाही, आणि परत आला की त्याची जागा असते.

चिटणिसांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. एवढ्यातच? बरं.

श्रोत्यांच्याही चिठ्ठ्या आहेत. 'यांना सरळ पगार का देत नाहीत?' 2006 मध्ये प्रयत्न झाला होता. पुढची आवृत्ती वेळेवर यावी म्हणून रिलीज सांभाळणाऱ्या दोघांना काही काळ पैसे देण्याची योजना निघाली. वादळ उठलं. बाकीच्यांनी फुकट का करायचं, असं अनेकांना वाटलं. डिसेंबरात यायची ती आवृत्ती एप्रिल 2007 मध्ये आली. आज जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा-दुरुस्ती कंपन्यांच्या पैशांतून होते आणि ते मला पटतं. पण पगाराने बाहेर पडायची वाट आपोआप तयार होत नाही. पगारी माणूसही थकतो.

दुसरी चिठ्ठी, 'आपल्याकडे हे कोण करतं?' करतात! 2023 च्या सप्टेंबरात डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली होती, भारतात पहिल्यांदा.

तिसरी चिठ्ठी बहुधा मागच्या रांगेतून आहे, 'आम्ही काय करू?' ही सर्वांत महत्त्वाची, आणि अध्यक्ष घड्याळ बघताहेत. डेबियनमध्ये 'हाऊ कॅन आय हेल्प' नावाचं छोटं पॅकेज आहे. ते टाकलंत की तुमच्याच संगणकावरच्या पॅकेजांपैकी कोणतं अनाथ आहे, कोणाला मदत हवी आहे, याची यादी दिसते. त्यातलं सर्वांत लहान घ्या. आधी फक्त एक बग वाचा, तो तुमच्याकडे घडतो का बघा, आणि जे दिसलं ते लिहून कळवा. जमलं तर पुढे जा. वर्षाने परीक्षा आली, नोकरी बदलली, घरी कुणी आजारी पडलं, तर न लाजता एक ओळ लिहा की आता माझ्याने होत नाही, आणि यादीत टाका. तुम्हाला कुणी शाल घालणार नाही, अडवणारही नाही.

राहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन मी खाली येतो. ते छोटं पॅकेज संगणकावर टाकायची आज्ञा ज्यांना हवी, त्यांनी वही घेऊन यावं, अक्षर न् अक्षर लिहून देतो.