लोट्टे राइनिगर : कात्रीने कापलेला चित्रपट



'कार्टून' म्हटले की डोळ्यांपुढे उंदीर नाचू लागतो आणि त्यामागोमाग वॉल्ट डिस्नेचे नाव येते. गंमत अशी की, आज ज्या बाईंविषयी आम्ही बोलणार आहोत त्यांचा आरंभही उंदरांपासूनच झाला. १९१८ साली जर्मनीत नट-दिग्दर्शक पाउल वेगेनर हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट पडद्यावर आणीत होते. पुंगीमागे धावण्याचे काम जिवंत उंदरांकडून होईना. तेव्हा लाकडी उंदीर मांडावयाचे, एक चित्र घ्यावयाचे, प्रत्येक उंदीर किंचित पुढे सरकवावयाचा, पुन्हा एक चित्र, असा उद्योग सुरू झाला. उंदीर सरकविणाऱ्यांत एक कोवळी मुलगी होती. तिचे नाव लोट्टे राइनिगर.

१८९९ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या या मुलीला नाद एकच, काळ्या कागदातून आकृती कापण्याचा. माक्स राइनहार्टच्या नाट्यशाळेत शिकताना ती नामांकित नटांच्या छायाकृती कापी. १९१९ साली तिने आपला पहिला छोटा छायापट केला.

पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना राइनिगरबाईंची रीत समजावयास अडचण पडणार नाही. फरक एवढाच की, इथे बाहुली उभी नसते, काचेच्या मेजावर आडवी निजलेली असते. खालून दिवा, वरून कॅमेरा. डोके, मान, दंड, मनगट असे सारे अवयव वेगवेगळे कापून तारेने सांधलेले. आता विचार करा, या बाहुलीला डोळे दिसत नाहीत, ओठ हलत नाहीत. दुःख दाखवावयाचे ते मानेच्या बाकाने, लाज दाखवावयाची ती मनगटाच्या वळणाने. आमच्या मते बाईंची खरी थोरवी इथेच आहे. युक्ती कोणीही शिकेल, पण केसभर हलविले की काळा पुठ्ठा लाजतो आणि दोन केस हलविले की तो नुसता वाकतो, हे कळणे वेगळे.

१९२३ साली जर्मनीत चलनाचा कागद झाला होता. लुई हागेन नावाच्या बँकरने पैशाला पर्याय म्हणून कच्ची फिल्म घेऊन ठेवली होती. ती त्याने बाईंपुढे ठेवली आणि पॉट्सडॅमला आपल्या गॅरेजच्या माळ्यावर कामाला जागा दिली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे आपल्याकडे घरोघरी गेलेल्या त्याच अरबी सुरस गोष्टींतून बाईंनी उडता घोडा आणि राजपुत्र अहमद उचलले. पती कार्ल कोख कॅमेऱ्यापाशी. वॉल्टर रुटमान आणि बेर्टोल्ड बार्टोश जादू व लाटा करावयास. तीन वर्षांत सुमारे अडीच लाख चित्रे घेतली गेली, त्यांतली ९६ हजारांच्या आसपास ठेवली. दूरची आणि जवळची दृश्ये वेगळी भासावीत म्हणून काचा एकावर एक मांडल्या. डिस्नेच्या कारखान्यात असे बहुमजली यंत्र आले ते पुढे दशकभराने. २ मे १९२६ रोजी बर्लिनला चित्रपट प्रथम दाखविला गेला. 'स्नो व्हाइट' १९३७ चा. अर्जेंटिनात १९१७ साली क्रिस्तियानी यांनी एक पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता, पण तो उरला नाही. म्हणून आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुना अहमदच.

पहिला कोण, या वादात आम्हांस फारसे स्वारस्य नाही. पुढची कथा अधिक बोलकी आहे.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले. बाई ज्यू नव्हत्या. पण ज्यू स्नेही आणि डावी मते पाहता तिथे राहणे त्यांना नकोसे झाले. कोणताही देश कायमचा परवाना देईना. परवाना संपला की मुक्काम हलवावयाचा! इंग्लंड, फ्रान्स, इटली असे वर्षानुवर्षे चालले. मोठा कारखाना लागणारा दिग्दर्शक अशा वणवणीत संपला असता. बाईंचे भांडवल कात्री आणि पुठ्ठा. १९३५ साली 'पापागेनो' झाला तो असाच.

आणि मग युद्धाच्या ऐन भरात त्या बर्लिनला परतल्या, कारण आई आजारी होती. जिथून पळाल्या तिथेच जाऊन राहिल्या, आणि नाझी अमलाखाली 'सोन्याचे हंस' या कथेवर कामही करावे लागले. याबद्दल त्यांस दोष द्यावयास आमची जीभ रेटत नाही. त्या युद्धात अहमदची मूळ निगेटिव्हही नष्ट झाली.

१९४९ साली दांपत्य लंडनला आले. पुढे जुन्या हागेनच्याच मुलाच्या साहाय्याने टेलिव्हिजनसाठी परीकथांचे छोटे छायापट झाले. त्यांतल्या 'शूर शिंप्या'ला १९५५ साली व्हेनिसला बक्षीस मिळाले. १९६३ साली कोख वारले. त्यानंतर बाईंची कात्री बराच काळ चित्रपटापासून दूर राहिली. कॅनडाच्या फिल्म बोर्डासाठी त्यांनी पुन्हा मेज मांडले तेव्हा वय पंचाहत्तरीला आले होते. १९८१ च्या जूनमध्ये त्या निवर्तल्या. अहमदची रंग दिलेली एक जुनी प्रत लंडनच्या संग्रहात होती. तिच्यावरून १९९० च्या दशकाअखेरीस चित्रपट पुन्हा सिद्ध करण्यात आला.

१९७० साली निघालेल्या एका माहितीपटात बाई काम करताना दिसतात. ज्यांना मिळेल त्यांनी तो अवश्य पाहावा. कात्री धरलेला हात जवळजवळ स्थिर असतो; फिरतो तो दुसऱ्या हातातला कागद.